पवन ऊर्जा : पावसाळ्यात हाती येणारे विजेचे पीक

(शेतकरी मेळाव्यात 'अपारंपरिक ऊर्जा' या विषयावर दिलेले व्याख्यान)



वाऱ्याची ओळख शेतकऱ्याला नव्याने करून द्यावी लागत नाही. मळणी झाली की खळ्यावर वावडी मांडून, पाटीतले धान्य वाऱ्यावर सोडून आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या उफणणी केली. वारा पडला की हात थांबायचे आणि वारा सुटला की रात्र असली तरी माणसे खळ्यावर जायची. वारा फुकट मिळतो, पण तो आपल्या सोयीने मिळत नाही, हा धडा तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. आज वाऱ्यापासून विजेची निर्मिती होते, तेथेही हाच नियम लागू पडतो. म्हणून पवन ऊर्जा वाढवावी असे सांगताना ती कोणत्या महिन्यात मिळते, कोणाच्या कामी येते आणि तिच्यासाठी कोणाची जमीन जाते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. आजच्या व्याख्यानात याच क्रमाने विचार करू.

वाऱ्यातून वीज कशी मिळते?

वाऱ्याच्या दाबाने पवनचक्कीची पाती फिरतात, पात्यांचा आस जनित्राला फिरवतो आणि वीज तयार होते. वाऱ्यात असलेली सगळी ऊर्जा कोणत्याही यंत्राला काढून घेता येत नाही. जास्तीत जास्त ५९ टक्के ऊर्जा मिळू शकते, असे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी गणिताने दाखवून दिले आहे. प्रत्यक्षात मिळणारी ऊर्जा त्याहून कमी असते.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली, वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एका जागी वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आणि दुसऱ्या जागी ६ मीटर असेल, तर फरक नुसता एका मीटरचा दिसतो. पण ५ चा घन १२५ आणि ६ चा घन २१६. म्हणजे दुसऱ्या जागी जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा आहे. जमीन निवडताना आपण जसा मातीचा कस पाहतो, तसा येथे वाऱ्याचा कस पाहावा लागतो. दुसरी गोष्ट, पात्यांच्या घेराचा व्यास दुप्पट केला की वारा पकडणारे क्षेत्र चौपट होते. त्यामुळेच यंत्रे दिवसेंदिवस उंच आणि मोठी होत गेली.

साधारणपणे वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर झाला की यंत्र वीज देऊ लागते, ११ ते १२ मीटरला ते पूर्ण क्षमतेने चालते आणि सुमारे २५ मीटरच्या वर गेल्यास सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होते.

आपल्या राज्यात वारा कोठे आहे?

कोकणातून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन आदळतो. रुंद पाटातले पाणी अरुंद चारीत शिरले की जसे जोराने धावते, तसा हा वारा डोंगरमाथ्यावरून आणि खिंडीतून जाताना वेग घेतो. सातारा जिल्ह्यातील ठोसेघर, चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडे ही पठारे त्यामुळेच पवनचक्क्यांसाठी प्रसिद्धीस आली. सांगली जिल्ह्यातील ढालगाव, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात कवड्या डोंगर येथेही यंत्रे उभी आहेत.

देशात या कामाची सुरुवात १९८६ च्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावरील प्रात्यक्षिक प्रकल्पांनी झाली. गुजरातमधील ओखा, तामिळनाडूतील तुतिकोरीन यांच्या जोडीला आपल्या कोकणातील देवगड येथे ५५ किलोवॅटची लहान यंत्रे बसविण्यात आली. आज एकेक यंत्र २ ते ३ मेगावॅटचे असते, म्हणजे त्या काळच्या चाळीस-पन्नास यंत्रांचे काम एकटे करते. मार्च २०२५ अखेर देशाची पवन विद्युत क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली.

चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जमिनीपासून १५० मीटर उंचीवर महाराष्ट्रात सुमारे १ लाख ७४ हजार मेगावॅट क्षमता उभारण्याजोगा वारा आहे. मार्च २०२५ अखेर प्रत्यक्षात उभी झालेली क्षमता सुमारे ५ हजार ३०० मेगावॅट होती. म्हणजे शंभरातले तीनच वाटे आपण वापरात आणले आहेत.

विजेचे वर्ष आणि वाऱ्याचा हंगाम

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम मे ते सप्टेंबर असा असतो आणि वर्षाच्या निर्मितीपैकी निम्म्याहून अधिक वीज याच काळात मिळते. येथे आपण हमखास एक प्रश्न विचाराल. पावसाळ्यात आमचे पंप बंद असतात. आम्हाला वीज लागते ती रब्बीत आणि उन्हाळ्यात. मग पावसाळ्यातली वीज आमच्या काय उपयोगाची?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी राज्यातील विजेकडे पीकपद्धतीसारखे पाहावे लागेल. एकाच पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून आपण खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी सांगड घालतो. विजेचेही तसेच आहे.

उन्हाळ्यात सौर ऊर्जा भरपूर मिळते, पण जून-जुलैत ढग दाटले की तिचे उत्पादन घटते आणि सूर्य मावळला की संपते. साखर कारखान्यांत चिपाडापासून होणारी सहवीज निर्मिती मुख्यतः गाळप हंगामात, म्हणजे हिवाळ्याच्या आगेमागे असते. पावसाळ्यात कारखाने बंद असतात. कोळशाच्या खाणीत पावसाळ्यात पाणी साचते, कोळसा भिजतो, वाहतूक मंदावते. नेमक्या याच महिन्यांत वारा जोमाने वाहतो आणि रात्रीही थांबत नाही. ज्या काळात इतर साधने मंदावतात, त्या काळातले हे पीक आहे.

पावसाळ्यात वाऱ्याने दिलेली वीज पुढच्या हंगामासाठी दोन ठिकाणी साठून राहते. पहिले ठिकाण कोळशाचे ढीग. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारच दिवस पुरेल इतका कोळसा उरला होता, हे आपल्या स्मरणात असेल. पावसाळा सरून ऑक्टोबरची उष्णता सुरू होते, रब्बीच्या पेरणीसाठी पाणी द्यायचे असते आणि त्याच वेळी कोळशाचे साठे तळाला गेलेले असतात. पावसाळ्यात वाऱ्याची वीज जितकी जास्त, तितका कोळसा ऑक्टोबरसाठी शिल्लक राहतो.

दुसरे ठिकाण म्हणजे धरण. वनकुसवड्याचे पठार कोयना खोऱ्याच्या माथ्यावर आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १ हजार ९६० मेगावॅट आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने या प्रकल्पाला पश्चिमेकडे वीज निर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टी.एम.सी. पाणी ठरवून दिले आहे आणि हे वर्ष १ जूनपासून मोजले जाते. रेशन ठरलेले असले म्हणजे घरातली कर्ती बाई पहिल्याच आठवड्यात धान्य संपवत नाही. त्याचप्रमाणे पावसाळ्यात वाऱ्याने वीज दिली, तर हे ठरलेले पाणी मार्च ते मेच्या ओढीच्या दिवसांसाठी राखून ठेवता येते. वरच्या पठारावर फिरणारी पाती खालच्या जलाशयातले पाणी वाचवू शकतात, ते असे.

अर्थात, वारा एखाद्या दिवशी अचानक पडतो हेही खरे आहे. त्यासाठी आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज घेणे, सौर व पवन प्रकल्प जोडीने उभारणे आणि उदंचन प्रकल्प वाढविणे हे उपाय आहेत. उदंचन प्रकल्पात जादा विजेवर पाणी वरच्या तलावात चढवितात आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडून पुन्हा वीज घेतात. अकोले तालुक्यातील घाटघर येथे असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे.

एका यंत्राचा हिशेब

समजा, २ मेगावॅटचे एक यंत्र चांगल्या जागी बसविले. वारा कमी-जास्त होत असल्याने ते वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. सरासरी २५ टक्के धरू. एका वर्षात सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट वीज मिळेल.

५ अश्वशक्तीचा पंप ताशी साधारण साडेचार युनिट वीज घेतो. तो दिवसाला ८ तास याप्रमाणे वर्षातून १५० दिवस चालविला, तर ५ हजार ४०० युनिट लागतात. म्हणजे एका यंत्राची वर्षभराची वीज सुमारे ८०० पंपांच्या वर्षभराच्या गरजेइतकी भरते.

याच हिशेबातील पाण्याची बाजू शेतकऱ्याने अवश्य पाहावी. औष्णिक केंद्राला वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. पवनचक्कीला असे पाणी लागत नाही. वरील ४३ लाख ८० हजार युनिटांमागे वाचणारे पाणी या मापाने सुमारे १ कोटी ५३ लाख लिटर होते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे एक यंत्र दरवर्षी सात शेततळी भरतील इतके पाणी वाचविते. धरणातल्या पाण्यावर शेती, पिण्याचे पाणी आणि वीज असे तीन वाटेकरी असताना ही बचत लहान म्हणता येणार नाही.

दराचा विचार केला तरी पवन वीज आता महाग राहिलेली नाही. २०१७ मध्ये देशात पहिल्यांदा स्पर्धात्मक निविदा निघाल्या, तेव्हा युनिटला ३ रुपये ४६ पैसे दर आला. वाऱ्याला इंधनखर्च नसल्यामुळे करारात ठरलेला दर कोळशाच्या किमतीबरोबर चढत नाही.

मग वाढ का खुंटली?

मार्च २०१७ अखेर महाराष्ट्राची पवन विद्युत क्षमता सुमारे ४ हजार ७७० मेगावॅट होती. पुढील आठ वर्षांत तीत जेमतेम पाचशे मेगावॅटची भर पडली. याच काळात शेजारचा गुजरात ५ हजार ३०० वरून १२ हजार मेगावॅटच्या पुढे गेला. सुरुवात आपण बरोबरीने केली होती, हे ध्यानात घ्यावे.

खुंटण्याचे एक कारण असे की, चांगल्या वाऱ्याच्या जागा पहिल्या पंचवीस वर्षांतच लहान यंत्रांनी अडल्या. साताऱ्याच्या पठारांवर सन २००० च्या आसपास बसविलेली कित्येक यंत्रे २५० ते ३५० किलोवॅटची आहेत. ३० मीटर व्यासाच्या जागी १२० मीटर व्यासाची पाती आली तर वारा पकडणारे क्षेत्र १६ पट होते. शिवाय उंचावर वारा अधिक वेगाने आणि एकसारखा वाहतो. जुनी बाग काढून त्याच जमिनीत सुधारित वाणाची, योग्य अंतरावर लागवड करावी तसाच हा प्रकार आहे. यंत्रांची संख्या घटते आणि वीज वाढते. यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आखले आणि २०२३ मध्ये ते सुधारून २ मेगावॅटपर्यंतची जुनी यंत्रे त्यात घेतली. आपल्या राज्यात पवन ऊर्जा वाढविण्याचा पहिला मार्ग हाच असावा, असे आमचे मत आहे. नवा डोंगर फोडण्यापूर्वी जुन्या डोंगरावरची यंत्रे बदलावीत.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

*पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो काय?* २००३ च्या आसपासच्या दुष्काळात ही समजूत अनेक गावांत पसरली होती. मोसमी वाऱ्याचा थर जमिनीपासून काही किलोमीटर उंचीपर्यंत असतो. पवनचक्की त्यातील तळाचा शंभर-दीडशे मीटरचा, तोही काही ठिकाणचाच भाग हाताळते आणि त्यातलीही थोडी ऊर्जा घेते. पाती ढगाला ढकलत नाहीत, वाराच पात्यांना ढकलतो. पाऊस येणे न येणे हे समुद्रावरील बाष्प आणि हवेच्या दाबाचे पट्टे यांवर अवलंबून असते. डोंगराच्या पूर्वेकडील गावांत पाऊस कमी पडतो तो पर्जन्यछायेमुळे आणि ती पवनचक्क्या येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

*पशुपक्ष्यांना त्रास होतो काय?* होतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर जवळपास चौपट कमी आणि त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांची संख्या जास्त आढळली. शिकारी पक्षी उंदीरही खातात, त्यामुळे हा विषय शेतकऱ्यालाही परका नाही. म्हणून पक्ष्यांच्या वाटा, देवराया आणि फुलांचे सडे सोडूनच नव्या जागा निवडल्या पाहिजेत.

*विहिरीवर स्वतःची पवनचक्की बसवावी काय?* पाणी उपसणारी बहुपात्यांची पवनचक्की पूर्वीपासून प्रचलित आहे व कमी खोलीच्या विहिरीवर ती चालते. तथापि सपाटीवरच्या गावांत वारा कमी आणि अनियमित असतो. एकट्या शेतकऱ्यासाठी आज सौर कृषी पंप अधिक सोयीचा ठरतो. पवन ऊर्जा मोठ्या यंत्राने, चांगल्या जागी आणि वीजजाळ्याला जोडूनच किफायतशीर होते.

जमीन देताना घ्यावयाची काळजी

पवनचक्कीचा पाया, क्रेनचा ओटा आणि रस्ता एवढीच जागा कायमची अडते. दोन यंत्रांत पात्यांच्या व्यासाच्या पाच ते सात पट अंतर ठेवावे लागत असल्याने मधल्या जमिनीत नाचणी, वरी, ज्वारी घेता येते व जनावरे चारता येतात. तेव्हा वारा हे डोंगरी जमिनीतील दुसरे पीक मानता येईल. पण ते पीक कोणाच्या घरात जाते, हे कागदावर ठरते. पठारावरची जमीन पडीक समजून मिळेल त्या भावाने विकून टाकल्याची उदाहरणे अनेक डोंगरी गावांत आढळतात. ज्या जमिनीत ज्वारी येत नव्हती, तिच्यावरचा वारा लाखमोलाचा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते. आपल्याकडे कोणी जमीन मागण्यास आल्यास पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) सात-बारा उतारा, फेरफार आणि वारसनोंदी अद्ययावत करून घ्याव्यात. हद्दीची सरकारी मोजणी करून घ्यावी.

२) शक्यतो जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. मध्यस्थाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देऊ नये.

३) करार मराठीत असावा, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. सही करण्यापूर्वी आपल्या वकिलाकडून तो वाचून घ्यावा.

४) करार वीस ते तीस वर्षांचा असतो. त्यामुळे दर ठरावीक वर्षांनी भाडे किती वाढेल, ते आकड्यात लिहून घ्यावे. जुने यंत्र काढून मोठे बसविल्यास भाडे नव्याने ठरेल, हे कलम विसरू नये.

५) मुदत संपल्यावर यंत्र कोणी काढायचे, पाया कोणत्या खोलीपर्यंत उकरायचा आणि त्याचा खर्च कोणाच्या अनामतीतून होणार, हे आधीच ठरवावे.

६) रस्ता करताना पठारावरचे पाणी कोणत्या बाजूला वळेल ते गावाने पाहावे. सड्यावर मुरणारे पाणी खालच्या झऱ्यांना लागते. चुकीच्या चरामुळे झरा आटू शकतो आणि ओढ्याकाठची शेते वाहून जाऊ शकतात.

७) वीजवाहिनीचे मनोरे व तारा यांची भरपाई ही वेगळी बाब आहे. पारेषण वाहिन्यांसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आपल्या वाहिनीला कोणता दर लागू आहे, याची लेखी माहिती तहसील कार्यालयातून घ्यावी.

सहकाराचा मार्ग

डेन्मार्क या लहानशा देशात १९७३ च्या तेलटंचाईनंतर शेतकरी व गावकऱ्यांनी एकत्र येऊन भागभांडवलावर पवनचक्क्या उभारल्या. कोपनहेगनजवळ समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या २० यंत्रांच्या प्रकल्पात निम्मा हिस्सा साडेआठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेचा होता. पुढे २००८ च्या कायद्याने तेथे नव्या प्रकल्पातील किमान २० टक्के हिस्सा स्थानिक रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक करण्यात आले. डोळ्यांसमोर फिरणारे पाते आपल्याही मालकीचे असले की त्याच्या आवाजाची तक्रार कमी होते, हा तेथील अनुभव आहे.

महाराष्ट्राला सहकार शिकविण्याची गरज नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या भागावर साखर कारखाना उभा केला, तेव्हाही हे काम शेतकऱ्यांना झेपणार नाही असे म्हणणारे होतेच. पवन ऊर्जेचा एक मेगावॅट उभारण्यास काही कोटी रुपये लागतात, ते एका गावाच्या आवाक्यातले नाही. पण शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी साखर कारखाना किंवा पाणीपुरवठा संस्था यांना एकत्रितपणे प्रकल्पात हिस्सा घेता येणे अशक्य नाही. निदान भाड्याबरोबर उत्पन्नातील ठरावीक वाटा गावाला मिळावा, अशी मागणी तरी ग्रामसभेने ठरावाने करावी. यंत्र जुने होऊन बदलण्याची वेळ येते, तेव्हा अशी मागणी करण्याची संधी पुन्हा एकदा मिळते. साताऱ्याच्या पठारांवर ती वेळ आता आली आहे.

पवन ऊर्जेची तांत्रिक माहिती पुण्याच्या महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे, म्हणजेच 'महाऊर्जा'कडे मिळू शकते. ज्या गावांच्या डोंगरावर यंत्रे आहेत, त्यांनी येत्या ग्रामसभेत आपल्या हद्दीत किती यंत्रे आहेत, ती कोणत्या साली बसली आणि त्यांचे करार केव्हा संपतात, एवढी यादी करून ठेवावी. बोलणी करायला बसाल तेव्हा ही यादी तुमच्या हाती असली पाहिजे.